खुराड्यातली पाणबुडी

आधी चहा घ्या. आणि कप नीट धरा, कारण हा किस्सा ऐकताना आमच्या नणंदेने चहा थेट नाकातून बाहेर काढला होता. फजिती काय हो, सगळ्यांचीच होते. पण स्वतःच्या फजितीची जागा स्वतः सारवून, तिथे रांगोळी काढून, वर पाट मांडून बसणारी मी एकटीच असेन!

मी मूळची कराडकडची. लग्न होऊन मालवणजवळच्या तोंडवलीत आले त्याला आता इतकी वर्षं झाली, की माहेरचे म्हणतात हिची भाषा बिघडली आणि इथले म्हणतात हिची अजून सुधारली नाही. आमचे हे, म्हणजे दिगंबर, होडीतून पर्यटकांना समुद्रात नेतात आणि डोळ्यांना मास्क लावून पाण्याखालचे मासे दाखवतात. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आये म्हणते, आणि मी काय, सगळी वाडीच आये म्हणते.

आणि कोंबड्या. कोंबड्या आयेच्या! हे नीट लक्षात घ्या, कारण सगळं रामायण इथूनच सुरू होतं. स्वयंपाकघर आयेने मला कधीच देऊन टाकलं. कपाटाच्या किल्ल्या दिल्या. दिगंबरही दिला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परसातलं ते चिऱ्यांचं खुराडं? त्याला हात लावायचा नाही. संध्याकाळी कोंबड्या आत घ्यायच्या, ठकी आली का, मानेवर पीस नसलेली आली का, हवालदार आला का ते बघायचं (हवालदार म्हणजे कोंबडा, दिवसभर सगळ्यांवर ओरडत फिरतो) आणि मग दाराची फळी सरकवायची, हा मान तिचा. एकदा मदत म्हणून मी फळीला हात लावला, तर म्हणाली,

"रव गो सुनंदा. तुमच्याकडे घाटार म्हशी. कोंबयांचा काम येगळा."

आता तुम्ही म्हणाल, खुराड्याचं दार लावण्यात कसला आलाय मान? अहो, मलाही आधी तसंच वाटायचं. पण जी गोष्ट आपल्याला देत नाहीत ना, तीच हवीशी वाटते. मला ते खुराडं हवं होतं. एकदा, फक्त एकदा, आयेने म्हणावं, "सुनंदा, आजपासून कोंबयो तू बघ." बस्स!

तर झालं असं, की दिवाळी झाली आणि आये लेकीकडे इन्सुलीला निघाली, नातीच्या बारशाला. जावई गाडी घेऊन आले होते. आये गाडीत बसेपर्यंत मला बजावत होती.

"तांदूळ घाल. पाणी ठेव. सांजेक दार लाव. दुसरा काय एक करू नको."

"नाही हो आये."

"नाय म्हणतंस आणि करतंस. माका म्हायत आसा."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी वळून खुराड्याकडे पाहिलं. सासू गावाला गेली की काही सुना माहेरी जातात, काही सिनेमाला जातात. मी खुराड्यात डोकं घातलं.

खरं सांगते, आत बरंच काम साठलं होतं. कोपऱ्यात विष्ठेचा थर, फटींमधून बारीक पिसवा, आणि ठकी तर सारखी अंग खाजवत होती. आये चुलीतली राख टाकते, पण बारशाच्या खरेदीच्या गडबडीत तेही राहिलं होतं. म्हटलं, हीच संधी! खुराडं असं लख्ख करायचं, जंतूंचा असा नायनाट करायचा, की आयेने परत येऊन आत बघावं आणि तिच्या तोंडून आपोआप ते वाक्य निघावं.

लगेच मालवणच्या बाजारात गेले. शेतीच्या औषधांचं दुकान आहे तिथे. दुकानदाराने खुराडी धुवायचं जंतुनाशक काढून दिलं आणि अगदी समजावून सांगितलं.

"हे बघा वैनी, आधी कोंबड्या बाहेर. घाण खरवडून काढायची, घाणीवर औषध मारून उपयोग नसतो. मग साध्या पाण्याने धुवायचं, सुकू द्यायचं. नंतर हे, बाटलीवर लिहिलंय तेवढंच, पाण्यात घालून फवारायचं. जास्त नाही. यात दुसरं औषध मिसळायचं नाही. हातमोजे घाला, नाकातोंडाला फडकं बांधा, डोळ्यांना हा चष्मा लावा. आणि पूर्ण सुकून वास जाईपर्यंत कोंबड्या आत सोडायच्या नाहीत."

याहून सोपं कुणी काय सांगणार? मी मान डोलावत होते. पण माझं लक्ष त्याच्या हातातल्या त्या प्लॅस्टिकच्या चष्म्यावर अडकलं. म्हटलं, हा कशाला? आमच्या पडवीत खुंटीला डझनभर मास्क टांगलेत! त्यांच्यात समुद्र शिरत नाही, तिथे औषधाचा थेंब काय शिरणार? चष्मा परत केला आणि मोठ्या ऐटीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर होडीवर गेले आणि मी सजले. सजले हाच शब्द! त्यांचा गुडघ्यापर्यंतचा रेनकोट. गमबूट. कोपरापर्यंत रबरी मोजे. डोळ्यांवर पाण्याखाली घालायचा मास्क, तोच तो, ज्यात डोळे आणि नाक दोन्ही काचेच्या आत गच्च बंद होतात. आता नाक बंद, मग श्वास? तर त्याची नळीही होतीच. नळीचं एक टोक दातात धरलं, दुसरं डोक्यावर, आणि त्या वरच्या टोकाला दिगंबरचा रुमाल बांधला. आरशात पाहिलं. मला माझाच इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

सुरुवात मी एकदम शहाण्यासारखी केली, याची कृपया नोंद घ्या. कोंबड्या बाहेर हाकलल्या. घाण खरवडली. पाण्याने धुतलं. सुकू द्यायचं मात्र जरा राहिलं, कारण त्या रेनकोटात मीच घामाने धुऊन निघत होते. मग बाटलीवर लिहिलं होतं तेवढं औषध मोजून बादलीत घातलं, पंपात भरलं आणि फवारलं.

फवारलं आणि थांबले. वास आला पाहिजे ना? आमच्या माहेरी स्वच्छतेची खूण एकच, वास. फरशी पुसली की वास आला पाहिजे, न्हाणीघर धुतलं की वास आला पाहिजे. वास नाही म्हणजे काम झालं नाही. मी खुराड्यात डोकं घालून जोरात हुंगलं.

काही नाही!

म्हटलं, औषध कमी पडलं. अजून ओतलं. फवारलं. हुंगलं. काही नाही. अजून ओतलं.

तुमच्या लक्षात आलंय ना? हसताय म्हणजे आलंय. नाक काचेच्या आत बंद असताना जगात कुणाला वास आलाय? पण ते तुमच्या लक्षात आलं, चहा पिताना. माझ्या तेव्हा नाही आलं. मला वाटलं दुकानदाराने पाणीच दिलं बाटलीत भरून! मग मी घरात गेले आणि न्हाणीघरातलं फिनेल आणलं. दुसरं औषध मिसळू नका असं तो म्हणाला होता, मान्य. पण फिनेल हे काय औषध आहे? फिनेल हे फिनेल आहे.

टोपणभर घातलं. हुंगलं. काही नाही. अर्धी बाटली घातली. काही नाही. मनात म्हटलं, काय भेसळ वाढलीय हो, आता फिनेलसुद्धा खरं मिळेना! शेवटी होडी धुवायला आणलेला फिनेलचा मोठा कॅन होता, तो उचलला आणि थेट खुराड्यात उपडा केला. घशात खवखवत होतं, पण ते मी नळीतल्या खाऱ्या पाण्यावर ढकललं.

नेमकी तेव्हाच शेजारची जनाकाकी कुंपणापाशी आली. तिला ओल्या नारळाची कवड हवी होती. तिला काय दिसलं ते तिच्या जागी उभं राहून बघा. कोंबड्या सगळ्या अंगणभर कलकलाट करत पळतायत. खुराड्यातून पांढरं पाणी वाहतंय. आणि आतून, ढुंगणाकडून आधी, एक काळा रेनकोट बाहेर येतोय, त्याला काचेचा चेहरा आहे आणि डोक्यावर रुमाल बांधलेलं शिंग.

"गो बाय माझे! कोण गो ता?"

मी वळले. दातात नळी, बोलणार कशी? फवारणीच्या जवळ कुणाला येऊ द्यायचं नसतं एवढं मला माहीत होतं, म्हणून मी दोन्ही हातांनी तिला जोरजोरात खूण केली, लांब जा, लांब जा!

"सुनंदा? कोंबयांका काय झाला गो? रोग इलो?"

मी आणखी जोरात हात हलवले.

जनाकाकी कवड विसरली. तिचं वय बघता ती इतकी धावू शकते हे मला माहीत नव्हतं.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. जनाकाकीने आधी स्वतःच्या कोंबड्या भाताच्या कणगीत कोंडल्या. मग पलीकडच्या घरी सांगितलं, "आयेच्या कोंबयांका बर्ड फ्लू झालो. सरकारी माणूस इलो हा, पाणबुड्यासारखो कपडो घालून." पलीकडच्या घराने ते मोबाइलवरून वाडीला कळवलं. वाडीने बंदरावर कळवलं. बंदरावर पोचेपर्यंत माणूस एकाचे चार झाले होते आणि कोंबड्या सगळ्या मेल्या होत्या. शेजारी उतरलेल्या पर्यटकांनी दुपारसाठी कोंबडी-वडे सांगितले होते, ते घाईघाईने शाकाहारी झाले. आणि कुणीतरी, देव त्याचं भलं करो, इन्सुलीला आयेला फोन लावला!

दिगंबरना समुद्रात कळलं. ते होडी तशीच वळवून आले, आणि पर्यटकही त्यांच्यामागोमाग थेट आमच्या परसात, अंगात नारिंगी जॅकेटं तशीच. त्यांना वाटलं हाही सहलीतलाच कार्यक्रम. मी आपली पंप घेऊन उभी.

"सुनंदा! काय ह्या?" दिगंबर लांबूनच ओरडले आणि त्यांनी नाकाला हात लावला. पर्यटकांनीही लावला. एक बाई तर मागच्या मागे गेल्या.

मला कळेना, हे सगळे नाक का धरतायत? विचारावं म्हणून मी नळी काढली आणि मास्क वर केला.

आई शप्पथ!

वास? तो वास नव्हता हो, ती थप्पड होती! इतका वेळ जो वास मी शोधत होते, तो सगळाच्या सगळा, व्याजासकट, एकदम नाकात शिरला. डोळ्यांतून धारा लागल्या. शिंका सुरू झाल्या त्या थांबेचनात. दिगंबरनी मला धरून विहिरीवर नेलं, डोळ्यांवर पाणी मारत राहिले आणि वर तोंडाने चालूच, "माझो मास्क! नवो मास्क! आता तो कोण तोंडाक लावतलो?" बायकोचे डोळे गेले तरी चालतील, मास्क राहिला पाहिजे!

दुपारी जनावरांच्या दवाखान्यातले साहेब आले. सरपंचांनी बोलावलं होतं, कारण वाडीत कुणाच्याच घरी त्या दिवशी अंडं फुटलं नव्हतं. निम्मी वाडी आमच्या अंगणात. साहेबांनी एकेक कोंबडी धरून पाहिली. डोळे पाहिले, चोच पाहिली, पंख उघडून पाहिले. हवालदाराने त्यांना चोच मारली. सगळे श्वास रोखून उभे, आणि तेही बरंच होतं म्हणा, कारण श्वास घेण्यासारखी हवाच नव्हती.

"कोंबड्या ठणठणीत आहेत," साहेब म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लालभडक, नाक गळतंय, आवाज बसलेला. "या बाईंना मात्र जरा मोकळ्या हवेत वेगळं बसवा. जळजळ थांबली नाही तर डॉक्टरांकडे न्या."

अंगणात जे हसू फुटलं! जनाकाकी सगळ्यांत जोरात हसत होती, जिने हे सगळं पेटवलं होतं. साहेबांनी खुराड्याचं दार सताड उघडं ठेवायला सांगितलं, साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायला सांगितलं, ते पाणी कोंबड्या पिणार नाहीत असं बघायला सांगितलं. आणि वास पूर्ण गेल्याशिवाय एकही पक्षी आत नाही, हे दोनदा सांगितलं.

मला मात्र हसू येत नव्हतं. कारण आता संध्याकाळ होणार होती. कोंबड्या ठेवायच्या कुठे? आमच्या मागे माडांच्या पलीकडे काजूची झाडी आहे, तिथे कोल्हे आहेत, मुंगूस तर दिवसासुद्धा फिरतो. आयेच्या एका कोंबडीला जरी काही झालं असतं ना, तर खुराड्याचा मान राहू दे, मला माझं तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मी अंगणात एकटीच शिंकत बसले होते आणि खरंच रडत होते. फिनेलने किती आणि भीतीने किती, ते मला वेगळं करता आलं नसतं.

ऊन कलायला लागलं आणि जावयाची गाडी दारात आली. आये उतरली. बारशाची नवी साडी तशीच अंगावर.

कुणी काही बोलायच्या आधी तिने नेहमीसारखी हाक घातली, "तीऽ तीऽ तीऽ!" आणि काय सांगू, जांभळावरून, कौलांवरून, दिगंबरच्या स्कूटरवरून, जिथे जिथे बसल्या होत्या तिथून सगळ्या धावत आल्या. आयेने एकेक मोजली. सगळ्या होत्या. तिचा चेहरा जरा सैल झाला. मग सवयीप्रमाणे ठकी पुढे, बाकीच्या मागे, अशी वरात खुराड्याकडे निघाली. ठकीने दारात मान घातली. बाहेर काढली. वळून माझ्याकडे पाहिलं. कोंबडीची नजर मला एरवी कळत नाही, ती कळली.

मग आयेने स्वतः वाकून आत डोकं घातलं. मी डोळे मिटून घेतले. आतून आधी काहीच नाही, मग एक दणदणीत शिंक आली.

ती बाहेर आली, पदराने डोळे पुसले.

"किती ओतलंस?"

"सगळं," मी म्हटलं.

जमलेल्या बायका खुसुखुसु हसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "घाटावरच्यांका काय कळता गो कोंबयांचा!" तशी आये गर्रकन वळली.

"हसतास कित्याक? माझ्या सुनेन खुराडो धुतल्यान. जास्ती धुतल्यान, पण धुतल्यान तरी! तुमच्या सुनांनी कधी आत डोक्या घातला?"

मला त्या क्षणी आयेचे पाय धरावेसे वाटले. इतक्या वर्षांत ती चारचौघांत माझ्या बाजूने असं कधी बोलली नव्हती. ऊर भरून आला माझा, आणि पुन्हा शिंक आली.

बायका निघून गेल्या. आये कमरेवर हात ठेवून घराकडे बघत उभी राहिली. पडवीला दार नाही, तिथे मुंगूस येणार. माजघरात भाताची पोती. तिच्या खोलीत देव.

"सुनंदा," ती म्हणाली, "तुका कोंबयो बघूच्यो आसत मां?"

मी मान हलवली. इतक्या वर्षांची इच्छा, मान हलणारच!

"मगे आजपासून तू बघ. तुझ्या खोलयेक दार घट्ट बसता. तेंका आत घे."

दिगंबरनी पहिल्याच रात्री उशी उचलली आणि होडीत झोपायला गेले, ते खुराड्याचा वास जाईपर्यंत परत आले नाहीत. आता वास किती दिवसांत जातो म्हणता? मी ओतलं होतं तेवढ्याला बरेच लागले हो. ठकीला माझ्या पायथ्याची जागा आवडली. मानेवर पीस नसलेली शिवणयंत्रावर. हवालदार कपाटावर चढायचा, आणि उजाडायच्या कितीतरी आधी माझ्या बरोब्बर डोक्यावरून आरवायचा.

त्यातल्याच एका पहाटे मी केसातलं पीस काढत बाहेर आले, तर आये पडवीत बसून इन्सुलीला लेकीशी फोनवर बोलत होती. आवाजात कौतुक होतं, खोटं नाही सांगत.

"होय गो! आता कोंबयो सगळ्यो सुनंदाच बघता. बघता म्हणजे काय, तेंच्याच वांगडा, एका खोलयेत निजता!"